भूतकाळ खरा कोण सांगतं? ऐतिहासिक सिनेमा की भुताचा सिनेमा?

‘स्त्री २’ आणि ‘छावा’. एक भुताचा, दुसरा इतिहासाचा. दोन्ही एकाच निर्मिती संस्थेचे आणि दोन्हींनी थिएटरं भरली. पण गेलेल्या काळाबद्दल प्रेक्षकाला विचार करायला लावण्यात कोण पुढे आहे? उत्तर अनेकांना पटणार नाही.

३० ऑगस्ट १७७३. पुण्याच्या शनिवारवाड्यात गारद्यांनी अठरा वर्षांच्या नारायणराव पेशव्याचा खून केला. या एका घटनेतून मराठी माणसाने दोन गोष्टी जपून ठेवल्या.

पहिली सगळ्यांना पाठ आहे. रात्री वाड्यातून ‘काका मला वाचवा’ अशी हाक ऐकू येते म्हणे. पुण्यात शिकायला आलेल्या प्रत्येकाला हॉस्टेलच्या पहिल्या आठवड्यात ही गोष्ट कोणीतरी सांगतंच.

दुसरी गोष्ट रामशास्त्री प्रभुण्यांची. खुनाचा डाग राघोबादादांवर आहे, असं पेशव्यांच्याच न्यायाधीशाने त्यांना तोंडावर सांगितलं आणि पद सोडलं. यावर ‘प्रभात’ने १९४४ मध्ये ‘रामशास्त्री’ हा चित्रपट काढला. गजानन जागीरदार त्यात रामशास्त्री झाले होते.

एकाच खुनातून एक भूतकथा निघाली आणि एक ऐतिहासिक चित्रपट. दोन्हींच्या तळाशी एकच प्रश्न आहे: घरातल्याच माणसाने केलेल्या अन्यायाचा हिशोब कोण मागणार? भयपट आणि ऐतिहासिकपट हे दोन वेगळ्या कपाटांत ठेवायचे प्रकार नाहीत, ती सख्खी भावंडं आहेत. जे संपलं असं आपण म्हणतो ते संपलेलं नसतं, हेच दोन्हींचं म्हणणं.

फरक पडतो तो पुढे. गेल्या काही वर्षांतले सिनेमे एका ओळीत ठेवून पाहिले, तर हिशोब मागण्याचं काम भयपट करताना दिसतात. बहुतेक ऐतिहासिकपट मात्र फक्त जयघोष करून घेतात.

आधी आकडे पाहू

१५ ऑगस्ट २०२४ ला ‘स्त्री २’ आला. बरोबर सहा महिन्यांनी, १४ फेब्रुवारी २०२५ ला ‘छावा’ आला. दोन्ही ‘मॅडॉक फिल्म्स’चे. भारतात दोन्हींची निव्वळ कमाई ६०० कोटी रुपयांच्या आसपास गेली. याच संस्थेचा ‘मुंज्या’ जून २०२४ मध्ये मोठ्या स्टारशिवाय आला आणि त्यानेही शंभर कोटींचा टप्पा ओलांडला.

‘तुंबाड’ची गोष्ट त्याहून वेगळी. १२ ऑक्टोबर २०१८ ला तो आला तेव्हा थिएटरमधून फार लवकर उतरला. मग तो मोबाईलवर, ओटीटीवर, मित्रांच्या शिफारशींतून पसरत गेला. १३ सप्टेंबर २०२४ ला पुन्हा प्रदर्शित झाला, तेव्हा पहिल्या वेळेपेक्षा जास्त कमाई करून गेला.

म्हणजे प्रेक्षकाला दोन्ही हवं आहे. भीतीही हवी, अभिमानही हवा. प्रश्न मागणीचा नाही, पुरवठ्याच्या दर्जाचा आहे.

ऐतिहासिक सिनेमा नेमका कशावर उभा असतो?

बहुतेक वेळा कादंबरीवर. हे सूत्र एकदा लक्षात आलं की बरीच कोडी सुटतात.

‘छावा’ शिवाजी सावंत यांच्या १९७९ च्या कादंबरीवर आधारलेला आहे. ‘बाजीराव मस्तानी’ (२०१५) ना. सं. इनामदारांच्या ‘राऊ’वर. आणि ही सवय आजची नाही. बाबूराव पेंटरांनी १९२३ मध्ये ‘सिंहगड’ हा मूकपट काढला, तोही ह. ना. आपट्यांच्या ‘गड आला पण सिंह गेला’ या कादंबरीवरून.

कादंबरीवरून सिनेमा काढणं हा गुन्हा नाही. अडचण अशी की कादंबरीकाराने भरलेल्या मोकळ्या जागा सिनेमात येताना पक्क्या होतात आणि पुढच्या पिढीत त्याच ‘इतिहास’ म्हणून बसतात.

सिंहगडाचंच उदाहरण घ्या. ४ फेब्रुवारी १६७० ला तानाजी मालुसरे पडले, शिवाजी महाराज ‘गड आला पण सिंह गेला’ म्हणाले आणि कोंढाण्याचा सिंहगड झाला, अशी गोष्ट घराघरांत सांगितली जाते. पण ‘सिंहगड’ हे नाव शिवकालीन पत्रव्यवहारात १६६३ मध्येच, म्हणजे लढाईच्या सात वर्षं आधी आलेलं आहे. दोर बांधलेली घोरपड पोवाड्यातून आली. यातल्या कशानेही तानाजींचं शौर्य तसूभर कमी होत नाही. रात्रीच्या अंधारात कडा चढून गेलेल्या मावळ्यांना घोरपडीची गरज नव्हती, हीच खरं तर मोठी गोष्ट आहे.

आता २०२० चा ‘तान्हाजी’ आठवा. त्यात उदयभानाकडे ‘नागिन’ नावाची अजस्र तोफ आहे. कोंढाण्यावरून ती राजगडावर रोखायची, असा बेत. नकाशा उघडून मोजलं तर सिंहगड ते राजगड हे हवाई अंतर सुमारे १५ किलोमीटर भरतं. सतराव्या शतकातल्या तोफांचा कामाचा पल्ला एक-दोन किलोमीटरचा. मधल्या १३ किलोमीटरचं काय करायचं, हा प्रश्न पटकथेत कोणाला पडलेला दिसत नाही.

यावर ‘सिनेमा आहे, एवढं काय?’ असं उत्तर येतं. ते उत्तर मान्यही करता येईल. पण मग त्याच सिनेमाला ‘हा आपला इतिहास आहे, मुलांना दाखवा’ असं म्हणता येत नाही. दोन्ही एकाच तिकिटात मिळणार नाही.

कल्पनेने केलेलं नुकसान कोणी भरून काढलं?

गंमत म्हणजे याचा सर्वांत मोठा धडा खुद्द संभाजी महाराजांच्याच बाबतीत आहे.

दीडशे-पावणेदोनशे वर्षं मराठी वाचकाच्या मनात संभाजी महाराजांची प्रतिमा व्यसनी, उतावळ्या राजपुत्राची होती. ती कुठून आली? मृत्यूनंतर शंभरहून अधिक वर्षांनी लिहिलेल्या मल्हार रामराव चिटणिसांच्या बखरीतून आणि त्यानंतरच्या नाटकांतून. राम गणेश गडकऱ्यांचं अपूर्ण राहिलेलं ‘राजसंन्यास’ हे त्यातलं गाजलेलं नाव. त्या नाटकाचा राग इतका टिकला, की जानेवारी २०१७ मध्ये पुण्याच्या संभाजी उद्यानातला गडकऱ्यांचा पुतळा काढून नदीत टाकण्यात आला.

पण प्रतिमा पुतळा पाडून बदलली नाही. ती बदलली वा. सी. बेंद्रे यांनी. अनेक वर्षं मूळ कागदपत्रं चाळून त्यांनी १९६० मध्ये संभाजी महाराजांचं चरित्र प्रसिद्ध केलं. पाठोपाठ १९७१ मध्ये डॉ. कमल गोखले यांचं ‘शिवपुत्र संभाजी’ आलं. सावंतांची ‘छावा’ त्यानंतरची, आणि विकी कौशलचा सिनेमा त्याच्याही पुढे ४६ वर्षांनी.

म्हणजे रंजक कल्पनेने एका राजाची बदनामी केली आणि ती धुऊन काढली ती कंटाळवाण्या वाटणाऱ्या कागदांनी. आज तीच कल्पना उलट्या दिशेने वापरली जात असेल, तर ती आपल्या बाजूची आहे म्हणून तिच्यावर डोळे झाकून विश्वास ठेवायचा का? ज्या समाजाने या चुकीची किंमत मोजली आहे, त्याने तरी हा प्रश्न विचारायला हवा.

वाद होतात, पण कशावर?

जानेवारी २०२५ मध्ये ‘छावा’चा ट्रेलर आला आणि वाद पेटला तो संभाजी महाराजांच्या लेझीम नृत्यावर. दिग्दर्शक लक्ष्मण उतेकर यांनी राज ठाकरे यांची भेट घेतली आणि तो प्रसंग काढत असल्याचं जाहीर केलं. प्रदर्शनानंतर गणोजी आणि कान्होजी शिर्के यांच्या चित्रणावर शिर्के घराण्याच्या वंशजांनी आक्षेप घेतला. त्याआधी २०१५ मध्ये ‘बाजीराव मस्तानी’तल्या ‘पिंगा’ गाण्यावर वाद झाला होता. नोव्हेंबर २०२२ मध्ये ‘हर हर महादेव’चा ठाण्यातला खेळ बंद पाडला गेला.

या सगळ्यात ‘पुरावा काय?’ हा प्रश्न कितीदा मध्यभागी आला? फार कमी वेळा. प्रश्न होता मानाचा. नाचले की नाही, झुकले की नाही, कोणाचं घराणं दुखावलं. ज्या सिनेमाभोवती एवढी मानापमानाची कुंपणं असतात, त्याचा दिग्दर्शक नायकाला चूक करू देत नाही, घाबरू देत नाही, त्याच्या मनात शंका येऊ देत नाही. असा नायक देवघरातल्या फोटोसारखा राहतो. त्याला हार घालता येतो, त्याच्याशी बोलता येत नाही.

जो ऐतिहासिक सिनेमा आपल्यालाच आरसा दाखवतो, त्याचं काय होतं तेही एप्रिल २०२५ मध्ये दिसलं. अनंत महादेवन यांचा ‘फुले’ ११ एप्रिलला, म्हणजे महात्मा फुले यांच्या जयंतीला येणार होता. काही संघटनांचे आक्षेप आले, सेन्सॉर बोर्डाने जातींचे उल्लेख बदलायला सांगितले आणि सिनेमा २५ एप्रिलला आला. परक्या शत्रूशी लढणारा इतिहास टॅक्स-फ्री होतो, मध्य प्रदेश आणि गोव्यात ‘छावा’ झालाच. घरातल्या अन्यायाशी लढणारा इतिहास मात्र आधी कात्रीखालून जातो.

इंग्रजांच्या काळात निदान कात्री परक्याची होती. व्ही. शांताराम यांच्या शिवचरित्रावरच्या सिनेमाचं ‘स्वराज्याचे तोरण’ हे नाव त्यांना खटकलं, म्हणून तो ‘उदयकाल’ झाला.

पडद्याबाहेर काय घडलं?

‘सिनेमा पाहून कोण बदलतं?’ असं म्हणणाऱ्यांसाठी मार्च २०२५ मधल्या दोन घटना.

पहिली बुऱ्हाणपूरची. १६८१ मध्ये मराठ्यांनी मोगलांचं हे श्रीमंत शहर लुटलं होतं, तो प्रसंग ‘छावा’त आहे. सिनेमा आल्यानंतर तिथल्या असीरगड किल्ल्याजवळच्या शेतांत सोनं पुरलेलं आहे अशी बातमी पसरली. लोक रात्री टॉर्च घेऊन, काहीजण मेटल डिटेक्टर घेऊन खणायला लागले. शेतांत खड्डेच खड्डे झाले.

दुसरी नागपूरची. औरंगजेबाची कबर हटवण्याच्या मागणीवरून आंदोलन झालं आणि १७ मार्चला शहरात हिंसाचार उसळला. संचारबंदी लागली, एकाचा जीव गेला. हा प्रकार पूर्वनियोजित दिसतो असं मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी विधानसभेत सांगितलं. त्याच निवेदनात ‘छावा’मुळे औरंगजेबाविरोधातल्या भावना पुन्हा तीव्र झाल्याचंही ते म्हणाले.

दंगलीचं खापर एका सिनेमावर फोडणं अन्यायाचं ठरेल. दंगल सिनेमा करत नाही, माणसं करतात. पण तीन तास संतापाचा पारा चढवत न्यायचा आणि ‘समाप्त’ची पाटी लावून प्रेक्षकाला रस्त्यावर सोडून द्यायचं, ही लिहिण्याची एक पद्धत आहे. ती निवडलेली असते. तो संताप कुठे न्यायचा याचं उत्तर सिनेमा देत नाही. मग ते दुसरं कोणीतरी देतं.

मग भयपट वेगळं काय करतो?

तो बोट शत्रूकडे न दाखवता आपल्या घराकडे दाखवतो.

‘तुंबाड’ पाहा. कथा १९१८ पासून १९४७ पर्यंत चालते. दिग्दर्शक राही अनिल बर्वे. नारायण धारपांच्या ‘आजी’ या कथेचा त्यावर प्रभाव आहे आणि नाव श्री. ना. पेंडसे यांच्या ‘तुंबाडचे खोत’ची आठवण देणारं. बराच भाग सासवडच्या पुरंदरे वाड्यात चित्रित झाला. त्यातला हस्तर हा देव कोणत्याही पुराणात नाही. तरीही पडक्या वाड्यातला वारसाहक्क, ठेवलेली बाई, सावकारी, बापाकडून मुलाकडे जाणारा लोभ हे सगळं ओळखीचं आहे. देश स्वतंत्र होतो, पण विनायकरावाची हाव होत नाही. एकही खरी लढाई, एकही खरा राजा न दाखवता हा सिनेमा त्या काळातल्या कोकणी-देशी जमीनदारीबद्दल जे सांगून जातो, ते अनेक ‘सत्यकथांना’ जमलेलं नाही. पुरलेल्या सोन्यासाठी खणणाऱ्यांचं काय होतं, हेही त्याने असीरगडच्या साडेसहा वर्षं आधी सांगून ठेवलं होतं.

‘लपाछपी’ (२०१७) घ्या. विशाल फुरिया यांचा हा सिनेमा उसाच्या फडात घडतो. चहूकडे उंच ऊस, मध्ये एक घर आणि घरात गरोदर बाई. भूत कशाचं? मुलगी नको म्हणून केलेल्या हत्यांचं. ही भीती कुठून आली ते जनगणनेत सापडतं. २०११ मध्ये महाराष्ट्रात शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलांमागे ८९४ मुली होत्या. ऊसतोड कामगारांच्या बीड जिल्ह्यात फक्त ८०७. गर्भलिंग निदानाविरुद्ध देशात सर्वांत आधी, १९८८ मध्ये, कायदा करणाऱ्या राज्याची ही अवस्था. हा आकडा वर्तमानपत्रात वाचून पान उलटता येतं. ‘लपाछपी’च्या उसातून तसं बाहेर पडता येत नाही. पुढे याच दिग्दर्शकाने २०२१ मध्ये हिंदीत ‘छोरी’ केला.

आदित्य सरपोतदार यांचा ‘झोंबिवली’ (२०२२) डोंबिवलीत झोंबी आणतो. पण खरी भीती चावण्याची नाही, पाण्याच्या वाटणीची आहे. टोलेजंग सोसायटीत एक पाणी, शेजारच्या वस्तीत दुसरं. त्यांच्याच ‘मुंज्या’त मुंजीनंतर मेलेला मुलगा कोकणातल्या पिंपळावर बसतो आणि पिढ्या उलटल्या तरी लग्नाचा हट्ट सोडत नाही. मुलीचा नकार ऐकू न येणारा हट्ट म्हणजेच भूत, हे कळायला प्रेक्षकाला भाषण द्यावं लागत नाही.

या चारही सिनेमांत खलनायक बाहेरून आलेला नाही. तो आजोबांच्या तळघरात आहे, सासूच्या मायेत आहे, बिल्डरच्या नळात आहे.

भयपटांचे दोष नाहीत का?

आहेत आणि मोठे आहेत.

पहिला, अंधश्रद्धा. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा खून झाला तो महाराष्ट्रातच, २० ऑगस्ट २०१३ ला. त्यानंतर जादूटोणाविरोधी कायदा आला. अशा राज्यात मांत्रिकाने लिंबू कापलं की सगळं सुरळीत होतं असं दाखवणारा सिनेमा निरुपद्रवी म्हणता येत नाही.

दुसरा, बाई. हडळ, जखीण, चेटकीण या शब्दांना जोर देण्यात भयपटांनी हात आखडता घेतला नाही. बाळंतपणात मेलेल्या बाईला हडळ ठरवणाऱ्या समाजाने खरं तर दवाखान्याची सोय विचारायला हवी होती. रामसे बंधूंच्या ‘पुराना मंदिर’ (१९८४), ‘वीराना’ (१९८८) यांसारख्या सिनेमांत तर भीती आणि अंगप्रदर्शन यांच्यातली रेघ सतत पुसट होत राहिली. आजही कर्कश आवाज करून दचकवणारे, गोष्टच नसलेले सिनेमे ढीगभर येतात.

पण एक मोठा फरक उरतो. भयपट पाहून बाहेर पडणाऱ्याला ठाऊक असतं की जे पाहिलं ते खोटं होतं. म्हणून तो त्यातलं खरं काय ते शोधतो. ऐतिहासिकपट पाहून बाहेर पडणाऱ्याला वाटतं की जे पाहिलं ते खरं होतं. म्हणून तो त्यातलं खोटं शोधत नाही.

ऐतिहासिक सिनेमा काढूच नयेत का?

जरूर काढावेत. अभिमान वाटणं ही लाज वाटण्यासारखी गोष्ट नाही. ज्या समाजाचा इतिहास दिल्लीच्या पाठ्यपुस्तकांत दोन परिच्छेदांत संपत असे, त्याला आपला राजा मोठ्या पडद्यावर पाहावासा वाटणारच. ‘छावा’च्या शेवटी थिएटरमध्ये रडणारी माणसं खोटी नव्हती.

चांगले नमुनेही आपल्याकडेच आहेत. ‘रामशास्त्री’त लढाईचा थाट नाही, तरी सत्तेसमोर उभा राहणारा माणूस आहे. परेश मोकाशींच्या ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’त (२००९) दादासाहेब फाळके धडपडतात, कर्ज काढतात, हसवतात आणि तरी मोठेच राहतात. या सिनेमांनी नायकाला माणूस ठेवलं, म्हणून तो जवळचा वाटला.

पुढचा ऐतिहासिक सिनेमा पाहताना प्रेक्षकाने चार गोष्टी तपासल्या तरी पुष्कळ:

• सुरुवातीची पाटी नीट वाचा. ‘अमुक कादंबरीवरून’ असं लिहिलं असेल तर ती कादंबरीच समजा.

• शत्रूला माणसाचा चेहरा आहे का? की तो फक्त मांस खाणारा आणि खदाखदा हसणारा राक्षस आहे?

• नायकाच्या बाजूच्या लोकांची एखादी चूक दाखवली आहे का? फितुरी एका-दोन नावांवर ढकलून मोकळे झाले आहेत का?

• बाहेर पडताना मनात काय आहे? काही वाचावंसं वाटतंय, की कोणाला तरी धडा शिकवावासा वाटतोय?

चौथ्या प्रश्नाचं उत्तर सर्वांत महत्त्वाचं. सिनेमाच्या तिकिटाएवढ्याच पैशांत इतिहासाचं एखादं बरं पुस्तक येतं. ‘छावा’ पाहिलेल्या लाखो लोकांपैकी शंभरातल्या एकाने जरी बेंद्रे किंवा कमल गोखले वाचले, तरी त्या सिनेमाने इतिहासाची सेवा केली असं खुशाल म्हणावं. आणि ‘तुंबाड’ पाहून एखाद्याने आपल्या गावच्या पडक्या वाड्यात राबलेले हात कोणाचे होते, हे आजीला विचारलं, तर तीही इतिहासाचीच सेवा.